जेवायचा हात

माझ्या मावसबहिणीला डावं-उजवं कळत नाही. माणसामाणसांत डावं-उजवं करणंही तिला जमत नाही, पण मी बोलतोय ते दिशांबद्दल. "डावीकडे बघ" म्हटलं की ती आधी स्वतःच्या हातांकडे बघते. एक क्षण जातो. इतका लहान, की ज्यांना ठाऊक नाही त्यांना तो दिसतच नाही. मला दिसतो, कारण तो कुठून आला ते मी लहानपणी समोर बसून पाहिलेलं आहे.

तिला सगळेच ताई म्हणतात. नात्याने ती एकट्या माझी ताई, पण जिथे जिथे नोकरी केली तिथे तिथे ती सगळ्यांची ताई झाली. तिच्याहून मोठी माणसंही तिला ताई म्हणतात आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही.

ती जन्माची डावरी. माझी मावशी, म्हणजे तिची आई, आवाज चढवणारी बाई नव्हती. हात तर तिने कुणावरच उगारला नाही. जेवायला बसलं की ती फक्त एक शब्द बोलायची : "हात." की ताई डावा हात मांडीखाली सरकवायची. त्याच्यावर बसायची, म्हणा ना. मग उजव्या हाताने चाचपडत घास घ्यायची. सांडायचं, गळ्यावर ओघळायचं. मांडीखालून बाहेर आलेली तिची बोटांची टोकं मला दिसायची, आधी लाल, मग पांढरी. जेवण झालं की ती हात बाहेर काढून झटकायची आणि म्हणायची, "मुंग्या आल्या."

पुढे शब्दाची गरज उरली नाही. ताट समोर आलं की हात आपणहून जागेवर जायचा, शिकवलेल्या कुत्र्यासारखा. पेन्सिलही उजवीकडे गेली. "हात सुधारला," मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. सुधारला, खरंच. फक्त या सगळ्यात दोन्ही हातांवरची नावं सैल झाली. कुठलं नाव कुठल्या हाताचं, हे तिला दर वेळी नव्याने बघावं लागू लागलं.

तिचा नवरा मोटार चालवायला शिकवतो. आयुष्यभर त्याचा तोच धंदा. त्याच्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक त्याच्या. लग्न झाल्यावर त्याने मोठ्या हौसेने ताईला शिकवायला घेतलं. "डावीकडे" म्हटलं की ती उजवीकडे वळायची, आणि "उजवीकडे" म्हटलं की गाडी थांबवून मनगटावरचं घड्याळ बघायची. घड्याळ म्हणजे डावा, ही तिची खूण.

"अख्खं शहर शिकवलं मी," भावजी अजून सांगतात, "पण घरच्या बाईपुढे हात टेकले."

"कुठला हात?" ताई विचारते. "डावा की उजवा?"

आधी ती एका रुग्णालयात एमआरआयच्या विभागात होती. माणसांना त्या लांब बोगद्यात सरकवायचं, हलू नका म्हणून सांगायचं, कुणाला दंडात कॉन्ट्रास्टचं औषध द्यायचं, म्हणजे चित्रात जे फिकट राहील ते ठळक उठून दिसतं. तिथून ती एका प्रयोगशाळेत गेली. यंत्र तसंच, पण बोगदा लहान, आणि आत माणसांऐवजी उंदीर. वीतभर लांबीचे, पांढरे, गुलाबी शेपटीचे.

तिथे काय चालतं हे तिने मला एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं, आणि तिच्याइतकं सोपं करून मला ते नंतर कुणी सांगितलेलं नाही. मँगनीज नावाचा एक धातू असतो. त्याचा क्षार पाण्यात विरघळवला की अगदी फिकट गुलाबी पाणी होतं. त्याचा थेंब उंदराच्या नाकपुडीत टाकायचा. वास घेणाऱ्या पेशींना ते कॅल्शियम वाटतं. कॅल्शियम त्यांच्या रोजच्या ओळखीचं, म्हणून त्या दार उघडतात. एकदा आत शिरलं की मँगनीज पेशीच्या लांब धाग्यातून पुढे सरकतं, टोकाला पोचलं की पलीकडच्या पेशीत उतरतं, तिथून त्याच्या पुढच्या. आणि जिथे जिथे ते पोचलं, तिथे एमआरआयच्या चित्रात उजळ दिसतं.

"म्हणजे रस्ता नाही दिसत," ती म्हणाली, "रस्त्यावरून दिवा घेऊन गेलेलं माणूस दिसतं. त्यावरून कळतं की रस्ता आहे."

पूर्वी हे बघायचं तर जनावर मारावं लागे. मेंदू काढायचा, त्याचे पापुद्र्यासारखे काप करायचे, ते भिंगाखाली धरायचे. त्यामुळे एका जनावराचं एकदाच काय ते दिसे. आता तेच जनावर तरुणपणी बघता येतं, उतारवयात बघता येतं. ते झोपतं, चित्र निघतं, ते उठतं आणि आपलं खाणं शोधायला लागतं. ताईला हे फार आवडायचं. उंदीर तिने मारलेलेही आहेत. कामच ते, आणि ती त्याबद्दल रडगाणं गात नाही. पण उठणारा उंदीर बघितला की तिचा चेहरा वेगळा असायचा.

थेंब टाकायचं काम तिचं होतं. हाताला कंप नाही, घाई नाही. थेंब जास्त झाला तर विषारी ठरतो, कमी झाला तर पोचत नाही. हे तिला चांगलं जमायचं.

फक्त एक अडचण होती. आणि ती तिथे पहिल्याच आठवड्यात उघडी पडली.

त्या यंत्रात जबरदस्त चुंबक असतं. जमिनीवर एक पिवळा पट्टा आखलेला आहे, त्याच्या पलीकडे धातूची एकही वस्तू न्यायची नाही. यंत्र चालवणारा गृहस्थ दाराशीच उभा असतो आणि येणाऱ्या प्रत्येकावर ओरडतो, "खिसे रिकामे करा!" जाडजूड, तोंडाने फटकळ, मनाने गरीब. त्याला सगळे चुंबकराव म्हणतात. पहिल्याच दिवशी त्याने ताईचं घड्याळ काढून घेतलं.

थेंब टाकायचं टेबल पट्ट्याच्या आत. ताई पट्ट्याच्या आत, आणि घड्याळ बाहेर खोक्यात. तिला सांगितलं, उजव्या नाकपुडीत. आणि तिने टाकला डाव्या.

तिथल्या मुख्य बाई ताईपेक्षा वयाने बऱ्याच लहान. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. त्यांनी ते पाहिलं, पण ओरडल्या नाहीत. उंदीर जागेवर गेल्यावर त्यांनी ताईला बाजूला घेतलं.

"ताई, तुम्ही जेवता कुठल्या हाताने?"

ताईने न बघता हात वर केला. उजवा.

"झालं तर मग. मी उजवं-डावं म्हणणारच नाही. जेवायचा हात म्हणेन. उंदीर पाठमोरा ठेवायचा, तोंड पलीकडे. तुमच्या जेवायच्या हाताकडची नाकपुडी ती आपली."

त्या दिवसापासून तिथे तो शब्द रुळला. "ताई, जेवायच्या हाताकडे." "टाकला, मॅडम, जेवायच्या हाताकडे." बाहेरून आलेला कुणी तज्ज्ञ ऐकून बुचकळ्यात पडायचा. पुढची कित्येक वर्षं त्या शब्दाने एकदाही दगा दिला नाही.

म्हातारी ही तिथली सगळ्यात जास्त जगलेली उंदरीण. तिथे जनावरांना नावं देत नाहीत, कानावर खूण असते. पण ताई तिला म्हातारी म्हणायची, आणि मग चुंबकरावही म्हणायला लागले, आणि एकदा मॅडमच्या तोंडून निघून गेलं. ती अगदी तरुण असल्यापासून तिच्या मेंदूतली वासाची वाट अधूनमधून चित्रात घेतली जात होती. वय वाढलं की वाट कुठे कुठे पुसट होते, हे मॅडमना बघायचं होतं. म्हातारीची पाठ उतरली होती, केस विरळ झाले होते. ताईचा हात पिंजऱ्याशी आला की ती उठून जाळीला नाक लावायची. ताई म्हणायची, "ही मला नाही हुंगत, साबण हुंगते."

दरम्यान मावशी गेली. शेवटची वर्षं ती ताईकडेच होती, टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर. जाण्याआधी खूप दिवस तिला वास येईनासा झाला होता. गॅसवर दूध करपून धूर व्हायचा आणि मावशी शेजारीच पेपर वाचत बसलेली असायची. ताई धावत यायची. "आई, अगं, वास नाही आला?" मावशी पेपरातून मान वर काढून म्हणायची, "कसला?" तो "कसला" ताईने मला पुन्हा पुन्हा करून दाखवला आहे. हसत. मावशी गेल्यावरही एकदा करून दाखवला, पण तेव्हा हसली नाही.

मावशी गेल्यावर काही महिन्यांनी निघालेल्या पहिल्याच चित्रात, आणि तेही म्हातारीच्या, विपरीत घडलं.

थेंब उजव्या नाकपुडीत. आणि वाट उजळली डावीकडची.

नाकाची वाट असं करत नाही. डोळ्यांच्या वाटा एकमेकींना ओलांडतात, उंदरात तर जवळजवळ सगळ्याच. नाकाचं तसं नसतं. उजव्या नाकपुडीतलं उजव्याच बाजूने मागे जातं. पडद्यावर मात्र उजवी बाजू करडी होती आणि डावी, मेंदूच्या पुढच्या टोकाला असते त्या वासाच्या गाठीपासून आत पार खालपर्यंत, पहाटेच्या खिडकीसारखी उजळली होती.

चित्रच उलटं लागलंय का, हे मॅडमनी आधी पाहिलं. नव्हतं. उंदराच्या उजव्या कानाला चुंबकराव दर वेळी तेलाची एक बारीक गोळी चिकटवतात. ती चित्रात पांढरी दिसते, म्हणजे बाजू चुकत नाही.

"माझी गोळी उजव्याच कानाला होती," चुंबकराव म्हणाले. "मी चुकलो तर नाव बदला माझं."

"तुमचं खरं नाव तरी कुणाला माहीत आहे?" ताई म्हणाली.

मॅडम हसल्या नाहीत. त्या पडद्याकडे बघत होत्या. "ताई, जेवायच्या हाताकडेच टाकलात ना?"

"हो, मॅडम. जेवायच्या हाताकडेच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. ताईने पुन्हा तेच सांगितलं, आणि ती खरं बोलत होती.

मग उरला एकच अर्थ. मॅडम त्या अर्थाजवळ हळूहळू गेल्या, विस्तवाजवळ जावं तशा. म्हातारपणी, उजवी वाट बुजत असताना, या उंदरिणीच्या मेंदूने मधली हद्द ओलांडून पलीकडे नवी वाट काढली होती. असं कुणी पाहिलं नव्हतं. कुणी बोललंही नव्हतं. ताईने मला फोन केला तेव्हा तिचाही आवाज वर चढला होता.

"म्हातारपणी रे," ती म्हणाली. "सगळं संपत आलेलं असताना."

मला करपलेल्या दुधाचा वास आठवला. तिलाही आठवला असणार. 

पण नुसत्या चित्रावर असं काही म्हणता येत नाही. ओलांडणारे धागे डोळ्यांनी बघायला हवेत, आणि ते बघायचे तर तोच जुना मार्ग : मेंदू काढायचा, काप करायचे. मँगनीज मेंदूतून निघून जायला काही आठवडे लागतात, त्याआधी पुन्हा थेंब टाकून पडताळता येत नव्हतं. म्हातारी तोवर टिकेल याचा भरवसा नव्हता. आपोआप मेलेल्या जनावराचा मेंदू हाती लागेपर्यंत खराब होऊन जातो. मॅडमनी मंगळवार ठरवला.

"थांबता नाही येणार?" ताईने विचारलं.

"ताई, मलाही नकोय. पण ही गेली तर सगळंच गेलं. फुकट मरेल."

 ताईने त्या दिवशी म्हातारीच्या पिंजऱ्यात नवा भुसा घातला. जुना बदलायची वेळ आलेली नव्हती.

मंगळवारच्या आधीच्या रविवारी मी तिच्याकडे जेवायला गेलो. भिंतीला लावलेलं लांबट टेबल, टोकाला मावशीची रिकामी खुर्ची. ताई मधोमध बसते. तिच्या एका बाजूच्या खुर्चीत मी बसलो. वर्षानुवर्षं तिथे भावजी बसायचे. ते त्या दिवशी पलीकडच्या खुर्चीत बसले होते. मला वाटलं, पाहुणा म्हणून मला जागा दिली.

सूप वाढलं. ताई मंगळवारबद्दल सांगत होती. सपाट आवाजात, हवा कशी आहे ते सांगावं तसं. मी चमचा भरून वर नेला आणि तिच्या कोपराचा असा फटका बसला की सगळं सूप माझ्या शर्टावर.

"अरे देवा! लागलं का रे? गरम होतं."

"तुझं कोपर आहे की हातोडा?"

भावजी खो खो हसायला लागले. "म्हणून तर मी तिथे बसत नाही!"

"तुम्हाला काय झालं?" ताई फडकं घ्यायला उठत म्हणाली.

"मला रोजच बसायचा. मग खुर्चीच बदलली. म्हटलं, कपडे धुऊन धुऊन माझ्याच नाकी नऊ येणार."

"माझं कोपर तुम्हाला कशाला लागेल? मी तर..."

ती उभी होती. तिच्या हातात अजून चमचा होता. तिने त्याकडे बघितलं. मीही बघितलं. चमचा डाव्या हातात होता.

 नळ गळत होता, तो ऐकू आला.

"अहो," ताई हळू आवाजात म्हणाली, "हे कधीपासून?"

"काय?"

"माझा हात."

भावजींचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, पण वेगळं झालं. त्यांनी पावाचा तुकडा मोडला. "आई गेल्या त्यानंतर. लगेच नाही. एक दिवस बघितलं तर हात मांडीखालून बाहेर आला होता, आणि आपला जेवतोय."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं?"

"एवढंच, की हात."

"अगं, तेवढं बोललो असतो की तू तो परत मांडीखाली घातला असतास," भावजी म्हणाले. "म्हणून खुर्ची हलवली. बरी दिसतेस अशी जेवताना. आधी परीक्षेला बसल्यासारखी दिसायचीस."

ताई खाली बसली. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या भावजींनी तिला काय काय दिलं ते मला ठाऊक नाही. मी पाहिलं ते हे एवढंच, एक सरकवलेली खुर्ची आणि त्याबद्दल गप्प राहणं.

मग तिचा चेहरा बदलला. तिने माझा दंड धरला, इतका घट्ट की दुखलं.

"जेवायच्या हाताकडे," ती म्हणाली.

भावजींना कळलं नाही. मला कळायलाही थोडा वेळ लागला. तिने खोटं सांगितलं नव्हतं. शब्दही तोच होता. शब्दाच्या खालचा हात बदलला होता, आणि ते तिला कुणी कळवलं नव्हतं.

सोमवारचं मी पाहिलेलं नाही. चुंबकरावांनी नंतर सांगितलं, आणि ते मीठमसाला लावतात हे धरूनही मी ते सांगतो.

ताई सकाळीच मॅडमच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, माझा जेवायचा हात बदलला."

"बदलला म्हणजे?"

"दुसरा मिळतो का हल्ली?" चुंबकरावांनी दारातून विचारलं.

"गप्प बसा हो तुम्ही. मॅडम, मला माहीत नव्हतं. आई गेल्यापासून मी डाव्याने जेवते. थेंब मी जेवायच्या हाताकडेच टाकला. म्हणजे डावीकडे टाकला असेल. असेल म्हणजे, मला हात आठवत नाही, शब्द आठवतो."

मॅडमनी ते सगळं ऐकून घेतलं.  नुसत्या म्हणण्यावरून इतकी मोठी गोष्ट त्या सोडणार नव्हत्या. सोडायला नकोच होती. त्या म्हणाल्या, "डबा आणलाय?"

"हो."

"जेवा."

"आत्ता? सकाळी?"

"बाहेर बसू. जेवा."

तिघं बाहेरच्या खोलीत बसली. ताईने डबा उघडला. आणि चमचा उचलला उजव्या हातात. चुंबकराव म्हणतात, तिचा डावा हात आपोआप मांडीखाली गेला. कुणीतरी बघत होतं ना. ताईला रडू येईल असं वाटलं. आता तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? ती म्हातारीला वाचवायला काहीतरी रचून सांगते आहे, असंच ते दिसत होतं.

मॅडमनी ते पाहिलं आणि विषय बदलला. भलतंच काढलं. "ताई, आई तुमच्याकडेच होत्या ना शेवटी?"

ताईने सांगायला सुरुवात केली. आई टेबलाच्या टोकाला बसायची, तिचा वास गेला होता, दूध करपायचं, धुराने डोळे चुरचुरायचे आणि ही पेपर वाचते आहे. "मी म्हणायची, आई, अगं, वास नाही आला? तर म्हणायची," आणि ताईने मान वर केली, "कसला?"

मॅडम हसल्या. ताईही हसली. आणि हसता हसता तिने डब्यातला घास घेतला. चमचा डाव्या हातात होता. तो मांडीखालून कधी निघाला, चमचा कधी घेतला, कुणालाच सांगता आलं नसतं. चुंबकराव समोरच होते, त्यांनाही नाही.

"घ्या," चुंबकराव म्हणाले.

मॅडम बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिल्या.

"म्हणजे म्हातारीच्या डोक्यात काही झालंच नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "जे झालं ते तुमच्या डोक्यात झालं. थेंब तुमच्याच नाकात टाकायला हवा होता."

"टाका," ताई म्हणाली. "मी हलणार नाही."

मॅडमनी फोन उचलला आणि मंगळवार रद्द केला. मग आत जाऊन पडद्यासमोर बसल्या. ताई मागे उभी राहिली. ती उजळ वाट तशीच होती, सुंदर, पुढच्या गाठीपासून पार आत गेलेली.

"नवी वाट नव्हतीच तर," मॅडम स्वतःशी म्हणाल्या.

"वाट आहे, मॅडम. तिची पहिल्यापासूनची आहे. आपण त्या बाजूने कधी थेंब टाकला नव्हता."

मॅडमनी मान हलवली. त्यांचं किती गेलं, हे ताईला ठाऊक होतं. तिचंही थोडं गेलं होतं. संध्याकाळी फोनवर ती मला म्हणाली, "म्हातारी राहिली हे बरं झालं. पण ते खरं असतं तर..." मीही वाक्य पुरं केलं नाही.

काम तिच्याकडेच राहिलं. आपलं काम जाईल अशी तिला धास्ती होती, पण मॅडमनी फक्त टेबलाच्या उजव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. "हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. माझ्या डाव्या हातचा मळ होता."

"कुठल्या?" चुंबकरावांनी विचारलं.

मँगनीज निघून जाईपर्यंत म्हातारी टिकली. पुन्हा थेंब टाकला, लाल पट्टीकडच्या नाकपुडीत. या वेळी उजवी बाजू उजळली. जराशी पुसट, पण जागच्या जागी. कुठलीही हद्द न ओलांडता. मॅडमनी त्यावर बाजूची खूण केली आणि चित्र बाकीच्यांबरोबर ठेवून दिलं. सवय मात्र राहिली. थेंब टाकायच्या आधी मॅडम अजून विचारतात, "ताई, आज कुठल्या हाताने जेवलात?" आणि ताई पट्टीकडे बोट दाखवते.

मी आता तिच्याकडे गेलो की टेबल भिंतीपासून जरा ओढून समोर बसतो. भावजींची खुर्ची हलवली तिथेच आहे. ताई डाव्या हाताने जेवते, सावकाश, आणि तिचा उजवा हात टेबलावर मोकळा पडलेला असतो. त्याला काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

थंडीत एके दिवशी सकाळी तिचा फोन आला. म्हातारी गेली होती. पिंजऱ्यातच, नव्या भुशात. ताई कामावर पोचली तेव्हा तिचं अंग गार झालं होतं. कापायला, बघायला काही उरलं नव्हतं, आणि मॅडमनीही मागितलं नाही.

"झोपेतच गेली," ताई म्हणाली. "शेपूट अंगाभोवती घेऊन. कुशीवर."

"कुठल्या?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, दुसरं काही सुचलं नाही.

ती थांबली. तोच तो क्षण. फोनच्या पलीकडे ती स्वतःचे हात बघत असणार.

"जेवायच्या," ती म्हणाली.

मला बरोबर कळलं.